पहिला पाऊस निर्दोष आहे

रोहिणी नक्षत्र लागले, की वर्तमानपत्रांत वीज कंपनीची एक बातमी हमखास येते. मजकूर दरवर्षी तोच. उन्हाने खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तापलेले असतात, त्यांच्यावर पहिल्या पावसाचे थेंब पडतात, ते तडकतात, वीज खांबातून जमिनीत उतरते आणि फीडर बंद पडतो. यात कोणाचा दोष नाही, ग्राहकांनी सहकार्य करावे. शहरातला माणूस हे वाचून मान डोलावतो. तापल्या काचेच्या पेल्यावर गार पाणी पडले की पेला तडकतो, हे त्याने घरी पाहिलेले असते. आपल्यालाही ते पटते. आणि मग तीन दिवस, चार दिवस गाव अंधारात. पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी, गिरणी बंद, आणि वायरमन शिडी खांद्यावर टाकून खांब मोजत फिरतो आहे.

नाचता येईना, अंगण वाकडे. इथे अंगण ओले म्हणायचे, इतकाच फरक.

माझे म्हणणे असे, की पाऊस निर्दोष आहे. खांबावर काय चढवायचे हे ज्याने ठरवले, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा. आपल्या भागातली जमीन, धूळ आणि हवा न बघता, निविदेत ज्याचा दर सगळ्यांत कमी तो इन्सुलेटर आपल्या माथ्यावर टांगला जातो. तो फुटला की बोट आभाळाकडे दाखवले जाते.

कोणी म्हणेल, आपण कोरडवाहू माणसे, आपला विजेशी संबंध तो किती? बागायतदारांनी बघावे. हे खरे नाही. बागायतदाराची एक पाळी चुकली तर पुढची पाळी असते. कोरडवाहूवाल्याच्या विहिरीत एका-दोन पाण्यांपुरतेच पाणी असते आणि ते देण्याचे दिवस पंचांगापेक्षा काटेकोर असतात. रब्बी ज्वारी पोटरीत असताना मिळालेले एक संरक्षित पाणी कणसात दाणा भरते. पंधरा दिवसांनी तेच पाणी दिले तर कडबा हिरवा होतो, दाणा होत नाही. कपाशी पात्या-बोंडांवर असताना पावसाने ओढ दिली तर तेव्हाचे एक पाणी म्हणजे झाडावरचा माल. नेमक्या त्या आठवड्यात फीडर पडला, तर वर्षाची कमाई एका फुटलेल्या कपात गेली. त्या कपाची किंमत कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटापेक्षाही कमी असते.

सत्तर अंशांची परीक्षा

खांबाच्या आडव्या लोखंडी अँगलवर उलट्या कपासारखी तपकिरी वस्तू बसवलेली असते, तो पिन इन्सुलेटर. कोणी त्याला कप म्हणतो, कोणी चिमणी. जिथे तार ताणून बांधलेली असते तिथे बशीसारख्या डिस्क असतात. काम दोघांचे एकच. तार धरून ठेवायची आणि तारेतली वीज खांबात उतरू द्यायची नाही. आपल्या शिवारातून जाणाऱ्या ११ केव्ही लाइनीत एका तारेपासून जमिनीपर्यंत सुमारे ६,३५० व्होल्टचा दाब असतो. हा दाब आणि आपली बैलजोडी यांच्यामध्ये तेवढा एक मातीचा कप उभा आहे.

या कपासाठी सरकारने नियम केलेला आहे. भारतीय मानक ७३१ हे त्याचे नाव, १९७१ पासूनची त्याची आवृत्ती आहे. त्यात तापमानाची एक परीक्षा सांगितली आहे. इन्सुलेटर गरम पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून लगेच गार पाण्यात बुडवायचा. दोन्ही पाण्यांच्या तापमानात ७० अंशांचा फरक ठेवायचा. असे एकदा नाही, तीनदा. त्यानंतर तडा गेलेला चालत नाही, आणि विजेच्या दाबावर तो पुन्हा तपासायचा.

आता मे महिन्याचा हिशेब करू. सावलीत पारा ४५. उन्हात तापलेला तपकिरी कप ६५ अंशांवर गेला असे धरा. वळवाच्या पावसाचे पाणी कितीही गार म्हटले तरी २०-२५ अंशांच्या खाली नाही. फरक झाला फार तर ४५ अंशांचा. जो माल ७० अंशांच्या फरकाला तीनदा उतरला तो ४५ अंशांच्या फरकाला पहिल्याच थेंबाने तडकतो? मग दोनच शक्यता उरतात. एक तर त्या मालाची ती परीक्षा नीट झालेलीच नाही. नाहीतर कप पावसाआधीच निकामी झालेला होता आणि पावसाने फक्त त्याचे मढे उघडे केले. दोन्ही शक्यतांत पाऊस सुटतो.

कप विजेच्या प्रवाहानेही तापतो असे कधीकधी सांगितले जाते. चांगल्या इन्सुलेटरमधून प्रवाह जातच नाही, त्याचे कामच ते आहे. जो प्रवाहाने तापतो तो इन्सुलेटर राहिलेला नाही, तो उतरवायला हवा होता.

त्याच मानकात ११ केव्हीच्या इन्सुलेटरने कृत्रिम पावसाच्या धारेखाली एक मिनिटभर ३५,००० व्होल्ट सोसावेत असे लिहिले आहे. लाइनीतला रोजचा दाब ६,३५०. म्हणजे भर पावसात साडेपाच पट दाब सोसण्याची हमी देऊन हा माल विकलेला असतो. बियाण्याच्या पाकिटावर ७५ टक्के उगवण लिहिली आणि शेतात दहा टक्के उगवली, तर आपण पावसाला दोष देत नाही. पाकीट घेऊन कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर आपटतो.

मग फुटते ते काय?

कारणे तीन-चार आहेत आणि सगळी माणसाच्या हातातली आहेत.

पहिले, कच्चा माल. चिनी मातीचा इन्सुलेटर म्हणजे केओलिन माती, फेल्स्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण सुमारे १,२०० ते १,३०० अंशांवर भाजलेले. भट्टी घाईने उतरवली, भाजणी कमी पडली, तर आत बारीक छिद्रे राहतात. वरची झिलई चकचकीत असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. एका पावसाळ्यात ओल आत शिरते आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग रुंदावते. डिस्कमध्ये लोखंडी टोपी आणि पिन सिमेंटने चिकटवलेली असते. हे सिमेंट हलके असेल तर वर्षानुवर्षे ओल पिऊन फुगते आणि मातीला आतून फोडते.

दुसरे, चुकीच्या जागी चुकीचा माल. लाइन सरळ जात असेल किंवा दहा अंशांपर्यंतच वळत असेल, तरच तिथे पिन चालते. त्यापुढच्या वळणावर तार तोडून डिस्कवर ताणून बांधायची, असा ग्रामीण विद्युतीकरणाचा जुना दंडक आहे. आपापल्या शिवारात नजर टाका. शेताच्या धुऱ्यावर लाइन वळते आणि तिथे डिस्कऐवजी पिनवरच भागवलेले, असे खांब सापडतील. एका डिस्कच्या संचाची बचत. तारेचा सगळा ओढा त्या कपाच्या मानेवर येतो आणि ती मान एक दिवस मोडते.

तिसरे कारण आपल्या पायाखालचे. मी शेतकी पदवी घेतली तेव्हा मातीचे शास्त्र शिकलो, खांबांचे नाही. पण इथे मातीचे शास्त्रच उपयोगी पडते. भारी काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. खांब त्या जमिनीत दरवर्षी हलतो. बुडाला काँक्रीट भरलेले नसेल तर चार-पाच वर्षांत तो झुकतोच. खांब झुकला की एका बाजूची तार ताठ, दुसरीकडची झोळ. ताठ बाजूच्या इन्सुलेटरवर कायमचा ताण बसतो. आराखडा काढणाऱ्याला खांब म्हणजे कागदावरची उभी रेघ. आपल्या रानात तो पेरल्यासारखा असतो, जमीन नेईल तिकडे जातो.

(गंमत अशी की खांबावरची चिनी मातीही माती आणि खांबाखालची काळी मातीही माती. केओलिन पाणी पिऊन फुगत नाही म्हणून तिचे कप होतात. आपली फुगते, म्हणून तिच्यात कपाशी होते आणि खांब उभा राहत नाही.)

चौथे कारण धुळीचे. ते सगळ्यांत मोठे आणि त्यात लबाडीही सगळ्यांत मोठी.

शेती म्हणजे म्हणे स्वच्छ हवा

पावसाच्या पहिल्या सरीत जेवढे फीडर पडतात, तेवढ्या सगळ्या ठिकाणी इन्सुलेटर फुटलेला नसतोच. पुष्कळदा तो शाबूत असतो. त्याच्यावर आठ महिन्यांची धूळ साचलेली असते. कोरडी धूळ वीज नेत नाही. धो धो पाऊस पडला तर ती धुऊन जाते. पण भुरभुर झाली, किंवा पहाटेचे दव पडले, की त्या धुळीचा चिखल होतो, तिच्यातले क्षार विरघळतात आणि कपाच्या अंगावरून वीज झिरपू लागते. झिरपता झिरपता ठिणग्या उडतात आणि एका क्षणी तारेपासून अँगलपर्यंत आगीची रेघ ओढली जाते. फीडर पडतो. कधी त्या झळीने चांगला कपही तडकतो आणि खाली सापडलेल्या तुकड्यांवरून अहवालात लिहिले जाते, पावसाने फुटला.

म्हणून इन्सुलेटर निवडताना विजेचा दाब बघून भागत नाही. तारेपासून लोखंडापर्यंत, कपाच्या सगळ्या घड्या धरून, त्याच्या अंगावरून जायला किती लांब वाट आहे ते बघावे लागते. धूळ जितकी जास्त तितकी वाट लांब हवी. भारतीय मानकात ११ केव्हीसाठी ही वाट साधारण प्रदूषित भागात २३० मिलिमीटर आणि जास्त प्रदूषित भागात ३२० मिलिमीटर अशी आहे. फरक फक्त ९० मिलिमीटरचा, चार बोटांपेक्षा थोडा जास्त.

मग आपला भाग कोणत्या रकान्यात? आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने १९८६ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात प्रदूषणाचे चार वर्ग होते. दर केव्हीमागे १६, २०, २५ आणि ३१ मिलिमीटर अशी वाट त्यांना नेमून दिली होती. यात 'शेतीचा भाग' सगळ्यांत हलक्या वर्गात घातला होता. शेती म्हणजे हिरवेगार कुरण, मधूनमधून पडणारा पाऊस आणि स्वच्छ हवा! ते युरोपातल्या शेतीबद्दल खरे असेलही. आमच्या शेतीत ऑक्टोबरनंतर थेंब नाही. मार्च ते मे वखरणी-नांगरणीची धूळ आभाळाला भिडते. पऱ्हाट्या पेटवल्या जातात, वीटभट्ट्या जळतात, जिनिंगची रुई उडते. औष्णिक केंद्रांच्या आसपास राख पडते ती वेगळीच.

त्याच मार्गदर्शिकेच्या तळटिपेत लिहिले होते की खतांची फवारणी किंवा पिकाचे अवशेष जाळणे यामुळे वाऱ्याबरोबर प्रदूषणाची पातळी वाढू शकते. आणि सगळ्यांत जड वर्गात ज्या जागा होत्या त्यांच्यात दीर्घकाळ पाऊस नसलेले, वाळू आणि मीठ वाहून आणणाऱ्या वाऱ्याचे, नियमित दव पडणारे वाळवंटी प्रदेश होते. आमच्याकडे वाळवंटाची वाळू आणि मीठ नाही, हे कबूल. पण बाकीचे वर्णन मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे आहे की युरोपच्या कुरणाचे, ते तुम्हीच सांगा. मूळ कागदात सावधगिरीचा इशारा होता. खाली उतरताना इशारा गळाला आणि 'शेती म्हणजे हलके' एवढेच उरले.

हिशेब करून बघा. ११ केव्ही लाइनीचा कमाल दाब १२ केव्ही धरतात. हलक्या वर्गात १२ गुणिले १६ म्हणजे १९२ मिलिमीटर वाट पुरते. २५ ने गुणले तर ३०० लागते, ३१ ने गुणले तर ३७२. म्हणजे रकाना कोणता निवडला यावर वाट दुप्पट होते किंवा निम्मी. हा रकाना आपल्या शिवारासाठी कोणी, केव्हा आणि काय मोजून निवडला, हा प्रश्न मी बैठकीत अधिकाऱ्यांना विचारत असतो. उत्तर येते की स्पेसिफिकेशन वरून येते. वरून म्हणजे कुठून?

ही मार्गदर्शिका २००८ मध्ये बदलली. आता ती सांगते की जागेवर जाऊन इन्सुलेटरवरची घाण मोजा. पाण्यात विरघळणारे क्षार किती आणि न विरघळणारी धूळ किती, दोन्ही. दुसऱ्या मापाचे महत्त्व शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. काळी चिकण माती स्वतः वीज नेत नसली तरी ओल धरून ठेवते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? वाळूवरचे दव सूर्य उगवताच उडते, चिकण मातीचा लेप तासभर ओला राहतो. म्हणून आपल्याकडे फीडर पहाटे पडतात, ज्वारी पोटरीत असते त्याच दवाच्या दिवसांत.

काळी जमीन आणि ताणाची तार

आतापर्यंत गोष्ट अंधाराची आणि बुडालेल्या पाण्याची झाली. पुढची जिवाची आहे.

इन्सुलेटर फुटला की वीज अँगलमध्ये, खांबात आणि तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते. ती जोराने गेली तर सबस्टेशनमधला ब्रेकर पडतो आणि धोका टळतो. पण मे महिन्यात काळ्या जमिनीला हात-हात रुंद भेगा पडतात आणि माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते. ओली काळी जमीन अर्थिंगला मुरमापेक्षा कितीतरी चांगली, पण भेगाळलेली जमीन सळईला धरतच नाही. समजा त्या जागी ३०० ओहमचा अडसर तयार झाला. ६,३५० भागिले ३००, म्हणजे २१ अँपिअर. ज्या फीडरवर शंभर-सव्वाशे अँपिअरचा भार रोजच चालतो, तिथल्या साध्या ओव्हरलोडच्या यंत्रणेला हे २१ अँपिअर म्हणजे दोन-चार मोटारी जास्त लागल्यासारखे. जमिनीत जाणारी वीज ओळखणारी वेगळी रिले असते. ती नीट लावलेली आणि चालू असली तर ठीक. नसली तर ब्रेकर पडत नाही आणि खांब जिवंत राहतो. आजूबाजूची जमीनही जिवंत होते.

माणसाच्या दोन पावलांत हातभर अंतर, बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या दुप्पट-तिप्पट. जमिनीतल्या दाबाचा फरक बैलाच्या अंगावर तितका जास्त येतो आणि प्रवाह पुढच्या पायातून मागच्या पायात जाताना काळजावरून जातो. पायाला लोखंडी नाल. म्हणून खांबाजवळून गेलेला गडी वाचतो आणि बैल पडतो. मग लोक म्हणतात, बैलाची वेळ भरली होती.

ताणाच्या तारेचा दंडक तर अगदी स्पष्ट आहे. १९५६ च्या वीज नियमांत तो होता आणि पुढच्या सुरक्षा विनियमांतही आला. ताणाची प्रत्येक तार अर्थ केलेली असावी, नाहीतर जमिनीपासून किमान तीन मीटर उंचीवर तिच्यात इन्सुलेटर बसवलेला असावा. अंड्याच्या आकाराचा हा छोटा चिनी मातीचा इन्सुलेटर तारेच्या मध्यावर दिसतो. लाइनीवरची ही सगळ्यांत स्वस्त वस्तू. माझ्या फिरतीत एका तालुक्यातल्या एका फीडरवर आम्ही चालत चालत ताण मोजले. अंडे नसलेले ताण इतके निघाले की पुढे मोजणाऱ्या पोराने वही मिटली. त्याच शिवारात आदल्या पावसाळ्यात एक बैल ताणाला अंग घासताना जागीच गेला होता. पंचनाम्यात कारण लिहिले होते, नैसर्गिक आपत्ती.

कोणता घ्यावा?

आता व्यापारी येतील आणि म्हणतील, चिनी माती टाका, पॉलिमर घ्या, सगळे रोग बरे. तेही खरे नाही. संकरित बियाण्याची जाहिरात आपण पुष्कळ ऐकली आहे.

पॉलिमरच्या इन्सुलेटरमध्ये आत काचतंतूंची दांडी आणि बाहेर रबराच्या चकत्या असतात. रबर सिलिकॉनचे असेल तर पाणी अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन राहते, पसरत नाही. हा गुण वर साचलेल्या धुळीतही हळूहळू उतरतो. धुळीच्या भागात ही फार मोठी गोष्ट आहे. वजनाला हलका, दगड मारला तरी फुटत नाही, वाहतुकीत तडकत नाही. पण रबर हलके वापरले, भेसळ जास्त केली, तर उन्हाने ते काही वर्षांत खडूसारखे होते. टोकाचे जोड नीट बसले नाहीत तर पाणी आत शिरून दांडी आतून जळते आणि खालून काही दिसत नाही. सिलिकॉनऐवजी दुसरे स्वस्त रबर वापरले तर पाण्याचा तो गुण टिकत नाही. म्हणून सिलिकॉनच असल्याचा आणि खारट धुक्यात १,००० तास झिरपण-झिजेची चाचणी झाल्याचा दाखला मागायचा. दाखला नसेल तर ते रबराचे खेळणे समजा.

काचेच्या डिस्कचा एक गुण मला फार आवडतो. ती खोटे बोलत नाही. कडक केलेली काच बिघडली की पूर्ण चुरा होऊन पडते, नुसता खुंट राहतो, आणि जमिनीवरून शेंबड्या पोरालाही कळते की इथे बिघाड आहे. चिनी मातीतली केसाएवढी भेग खालून दिसत नाही. तिच्यासाठी वायरमनला भर पावसात, रात्री, खांबामागून खांब चढावा लागतो. वायरमन हा आपलाच पोरगा असतो, बहुधा कंत्राटावरचा. फीडर लवकर चालू करा म्हणून त्याच्या अंगावर ओरडताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि चिनी माती? तिलाही मी बाद करणार नाही. नीट भाजलेला, नीट तपासलेला चिनी मातीचा इन्सुलेटर ऊन-पावसाने झिजत नाही, चाळीस-चाळीस वर्षे टिकतो. फक्त पोकळ कपाऐवजी भरीव खांबासारखा पोस्ट इन्सुलेटर घ्यावा. कपात पिनेच्या डोक्यावर मातीचा थर पातळ असतो आणि विजेचा लोळ आला की तिथे आरपार भोक पडते. भरीव इन्सुलेटरमध्ये आरपार जायला जागाच नाही. विजेला जायचेच असेल तर ती बाहेरून जाते, ब्रेकर पडतो आणि इन्सुलेटर शाबूत राहतो.

माझे मत विचाराल तर काळ्या जमिनीच्या, धुळीच्या पट्ट्यात ३२० मिलिमीटरपेक्षा कमी वाटेचा कोणताही इन्सुलेटर ११ केव्हीच्या नव्या कामावर चढू देऊ नये. सरळ लाइनीवर भरीव चिनी माती किंवा चांगले सिलिकॉन. वळणावर आणि कट पॉइंटला काचेची डिस्क किंवा सिलिकॉन. ताणात अंडे, विनाअपवाद.

पैसा कुठून?

हा प्रश्न अधिकारी विचारणारच. २०२१ मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारणेची मोठी योजना मंजूर केली, ३,०३,७५८ कोटी रुपयांची. तिच्यात प्रीपेड स्मार्ट मीटर आहेत आणि लाइनींची कामेही आहेत. मीटरची चर्चा गावोगाव झाली, इन्सुलेटरची कोणी केली? वीज किती गेली हे मोजायचे यंत्र घराघरांत बसवायची घाई, पण ती वाटेत जमिनीत का जाते ते बघायची सवड नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आणली. फार छान. बंद फीडरवरची वीज आधीही फुकटच होती.

आणि खर्चाचा हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडा. एका किलोमीटरला बारा खांब, खांबाला तीन इन्सुलेटर, पंचवीस किलोमीटरचा फीडर. झाले नऊशे. नऊशेपैकी आठशे नव्व्याण्णव उत्तम असून भागत नाही, एक फुटला की सगळा फीडर बंद. अशा साखळीत स्वस्त कडी घेणे म्हणजे काटकसर नव्हे. निविदेत दोन पैसे वाचतात ते कंपनीच्या वहीत दिसतात. चार दिवसांच्या अंधाराची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही, कारण ते नुकसान आपल्या खळ्यात होते.

मृगाआधी करायचे काम

भारतीय मानकाप्रमाणे प्रत्येक इन्सुलेटरवर बनवणाऱ्याचे नाव किंवा चिन्ह आणि बनवल्याचे साल न पुसणाऱ्या अक्षरांत असावे लागते. आपल्या हातातले हे सगळ्यांत मोठे हत्यार. फीडर पडून दुरुस्ती झाली की खाली पडलेले तुकडे वायरमनसमोरच गोळा करा. लाइन बंद आहे याची त्याच्याकडून खात्री झाल्याशिवाय खांबाजवळ जायचे नाही, आणि खांबावर तर कोणीही चढायचे नाही. तुकड्यावरचे नाव आणि साल वहीत लिहा, खांबाचा नंबर, तारीख, फीडर किती तास बंद होता ते लिहा. नाव नसेल तर 'नाव नाही' असे लिहा, त्यातच सगळे आले. तीन वर्षांच्या आतला माल तडकलेला निघाला, तर त्याच्या तपासणीचा दाखला लेखी अर्जाने मागा.

माणूस किंवा जनावर विजेने दगावले तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली त्याची सूचना देणे बंधनकारक आहे आणि सरकार विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवू शकते. जनावराचा मृत्यूही या कलमात येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यामुळे तलाठ्याच्या पंचनाम्यावर भागवू नका. तुकडा, खांबाचा फोटो आणि ताणाच्या तारेचा फोटो विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात पोचला पाहिजे. 'नैसर्गिक आपत्ती' असे लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या ताणांची यादी आणावी. अंडे आहे, अंडे नाही, अंडे आहे पण तीन मीटरच्या खाली, असे तीन रकाने करावेत. दहा अंशांपेक्षा जास्त वळणावर पिन बसवलेले खांब दुसऱ्या कागदावर. या दोन कागदांसाठी अभियंता लागत नाही, दोन पोरे आणि एक सकाळ लागते. यादी जमली की फीडरवार एकत्र करून कार्यकारी अभियंत्याला देऊ आणि पोचपावती घेऊ. ताणांचे काम मृगाच्या आत व्हावे ही पहिली मागणी, कारण नांगरटी-वखरणीला बैल त्याच धुऱ्यांवरून फिरणार आहेत.